तात्यांचं प्रस्थान

आमच्या पेठेत कुणाला परगावी जायचं असलं की तो स्टेशनावर चौकशीला जायचा नाही, तात्यांकडं यायचा. आणि आल्याबद्दल कपाळावर हात मारून परत जायचा.

“तात्या, सोमवारी पुण्याला जावं म्हणतो.”

“जा की. सकाळच्या गाडीनं?”

“हो.”

“आणि चुकली तर?”

झालं! एवढं बोलून तात्या त्या माणसाच्या तोंडाकडं असे बघायचे, की बिचाऱ्याला गाडी चुकल्यासारखंच वाटायला लागायचं. मग तात्या त्याला दुसरी गाडी सांगायचे. ती कुर्डुवाडीला रखडली तर तिथं कुणाच्या ओळखीनं पाठ टेकायची ते सांगायचे. तो ओळखीचा माणूस नेमका गावाला गेलेला असला तर काय, तेही सांगायचे. घटकाभरानं तो माणूस घरी जाऊन बायकोला म्हणायचा, “पुढच्या महिन्यात बघू गं.” पेठेतली पोरं मागून त्यांना ‘चुकलीतर तात्या’ म्हणायची. पोरंच कशाला, मीसुद्धा म्हणायची.

मी मंगळवेढ्याची. लग्न होऊन सोलापुरात आले ती पस्तीस सालच्या आगेमागे. तात्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक बोळ तेवढा होता, त्यामुळं त्यांचा खोकलासुद्धा आम्हांला पाठ झालेला. तात्या एका वकिलाकडं कारकून होते. किडकिडीत, खांद्यावर उपरणं, आणि बंडीच्या खिशात दोऱ्यानं बांधलेलं घड्याळ. ते घड्याळ आधी डोळ्यांनी बघायचे, मग कानाला लावायचे. चालतंय ना, याची खात्री करून मग पुन्हा बघायचे. बोलणं इतकं हळू, की आपण ठरवलेला बेत गाडीच्या कानावर गेला तर ती मुद्दाम लवकर सुटेल, असं भय असावं. गिरणीचा भोंगा झाला की दचकायचे. रोज होणारा भोंगा, पण रोज दचकायचे!

मला पहिल्यांदा माहेरी जायचं होतं तेव्हाची गंमत सांगते. दिवस चैत्राचे. मोटारीनं जायचं, बेगमपूरला भीमा ओलांडायची, की संध्याकाळच्या आत आईच्या दारात. तात्या ओसरीवर येऊन बसले.

“सूनबाई, दशम्या जास्त घ्या. भीमेला पाणी असलं तर अलीकडंच अडकाल.”

“तात्या, चैत्रात भीमेला कुठलं पाणी? वाळू उडतीय की नुसती!”

“इथं नाही हो. पण वर कुठं पडला तर?”

मी पदर तोंडाला लावून आत पळाले आणि पोट धरधरून हसले. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “हसून झालं का? मग ऐक.”

तात्यांची बायको नातेपुत्याची. दुसऱ्या खेपेला तिकडंच माहेरी गेलेली, तिथं अडली. सुईणीनं हात टेकले. सोलापूरच्या दवाखान्यात न्या म्हणाली. तात्यांनी बैलगाडीनं तिला पंढरपूरपर्यंत आणलं, तिथून लहान गाडीत घातलं, कुर्डुवाडीला सोलापूरची मोठी गाडी मिळणार होती. सगळं नीट बसवलेलं होतं. पण लहान गाडी वाटेत खोळंबली आणि मोठी गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची गाडी येईपर्यंत ती बाई तिथंच, मुसाफिरखान्याच्या बाकावर, पोटातल्या पोरासकट गेली. थोरली कुसुम तेव्हा लहानगी, बापाचं बोट धरून उभी होती.

“दुसरं काही मनात धरलंच नव्हतं त्यांनी,” सासूबाई म्हणाल्या. “एकच गाडी धरून चालले होते. तेव्हापासून हा असा धसका घेतलाय.”

माझं हसू मेलं ते मेलंच. चुकलीतर तात्या म्हणणंही मी सोडलं.

कुसुमला त्यांनी एकट्यानं वाढवलं. पोरगी मात्र बापाच्या अगदी उलट, वाऱ्यासारखी. झाडावर चढायची, पायऱ्या दोन-दोन उतरायची आणि तात्यांचा जीव खालीवर व्हायचा. माझं तिच्याशी आल्या दिवसापासून गूळपीठ जमलं. तिचं लग्न झालं ते बांधकाम खात्यातल्या ओव्हरसिअरशी. वामनराव नाव, भला माणूस. लग्नानंतर वर्षभरात त्याची बदली झाली ती कुठं, तर कारवार जिल्ह्यात, गिरसप्पाच्या धबधब्यापाशी. तिथं रस्त्याचं काम निघालं होतं.

पेठेतल्या लोकांनी तात्यांचं अभिनंदन केलं. “काय नशीब हो! गिरसप्पा! लोक चित्रात बघतात, तुमची मुलगी खिडकीतून बघणार!” शाळेच्या पुस्तकात ते चित्र असायचं, सगळ्यांच्या ओळखीचं. तात्या कसनुसं हसायचे आणि घरात जाऊन रेल्वेचं वेळापत्रक उघडायचे.

पुढं शिमग्याच्या सुमाराला कुसुमचं पत्र आलं. तिला दिवस गेले होते. पहिलटकरीण, म्हणजे बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे. जावयाला रजा मिळणार नव्हती, कारण पावसाच्या आधी रस्ता पुरा करायचा हुकूम होता. आणायला जायचं तर तात्यांनीच. सातव्यात आणायचं, आठव्यात प्रवास नाही. आणि तिकडं पाऊस एकदा लागला की चार महिने वाट बंद. म्हणजे तात्यांच्या मागं दोन बाजूंनी घोर लागला, इकडून महिने भरत चाललेले आणि तिकडून पाऊस सरकत येतोय.

दुसरा कुणी असता तर पत्र वाचल्या आठवड्यात गाडीत बसला असता. तात्या आमच्या ओसरीवर खडू घेऊन बसले. त्यांच्या घरची जमीन शेणाची, आमची शहाबादी फरशी, म्हणून नकाशा आमच्याकडं! एका कोपऱ्यात सोलापूर, मग होटगी, तिथं गाडी बदलायची. विजापूर, गदग, हुबळी, हावेरी. हावेरीला उतरून मोटारीनं शिरसी, तिथून सिद्दापूर, तिथून पुढं धबधबा. ही एक वाट. दुसरी वाट खालून म्हैसूर राज्यातून, शिमोग्यावरून, नदी नावेनं ओलांडून. तिसरी तर मुंबईला जाऊन आगबोटीनं होनावर, मग खाडीतून होडीनं वर. आमच्या घरी येणाजाणाऱ्यानं पाय जपून टाकायचा. एकदा आमच्या मोलकरणीनं, गंगूबाईनं, सवयीनं ओला फडका मारला आणि हावेरीपासून खाली सगळं साफ. तात्या आले, बघितलं, भिंतीला टेकून बसले.

“काय झालं वो तात्या?” गंगूबाई घाबरली. “म्या तर नुसती फरशी पुसली की!”

“काही नाही, गंगूबाई,” तात्या म्हणाले. “पूल वाहून गेला असं समजू.” आणि पुन्हा पहिल्यापासून काढायला लागले.

रोज संध्याकाळी ते स्टेशनावर जायचे. दक्षिणेकडून आलेल्या गाडीतून जो उतरेल त्याच्या खनपटीला बसायचे. पाणी कुठं प्यायलात? मोटार भरल्याशिवाय सुटते का? वाटेत रान किती? लोक वैतागायचे. एका टांगेवाल्यानं तर आमच्या ह्यांना सांगितलं, “मालक, त्या तुमच्या म्हाताऱ्याला आवरा की. पाशिंजर माझ्या टांग्यात बसतंय न्हाय तंवर ह्ये इचारत्यात, वाघ हाय का तितं!”

एकदा असेच स्टेशनावरून आले ते पांढरेफटक पडलेले. मी पाणी दिलं तर तांब्या न पिता तसाच खाली ठेवला.

“सूनबाई, गिरसप्पा गिरसप्पाला नाहीच!”

“म्हणजे?”

“गिरसप्पा म्हणजे घाटाखालचं गाव, खाडीच्या टोकाला. धबधबा वर, घाट चढून, कितीतरी लांब. तिथले लोक त्याला जोग म्हणतात. आपण सगळे इथं गिरसप्पा गिरसप्पा म्हणत बसलोय! मी त्या गावात जाऊन उभा राहिलो असतो, सूनबाई. धबधबा कुठाय म्हणून विचारत बसलो असतो. आणि पोरगी वर वाट बघत...”

त्या दिवशी ते जेवले नाहीत. आणि एक चूक सापडली म्हणजे आणखी असणारच, असं म्हणून सगळं पुन्हा तपासायला घेतलं. वैशाख निम्मा उलटला. कुसुमचं दुसरं पत्र आलं, त्यात एवढंच की पाय सुजतात, रात्री झोप नाही, तात्या कधी येणार? मला राहवेना. मी तोंडावर म्हणाले, “तात्या, वाट बघून बघून पोरीचे डोळे शिणले. निघा की आता! तुमच्या त्या खडूनं तिचे दिवस थांबणार आहेत का?”

ते रागावले नाहीत. त्यांनी घड्याळ कानाला लावलं आणि खाली मान घालून म्हणाले, “एकदा चुकलंय माझं. पुन्हा चुकायला माझ्याकडं दुसरी कुणी नाही.”

खाली पडलेला खडू मी उचलून त्यांच्या हातात दिला.

शेवटी मुहूर्त निघाला. पण त्या दिवशी वकिलाचं मोठं काम, सुटका नाही. म्हणून तात्यांनी प्रस्थान ठेवलं. हल्लीच्या मुलींना हे ठाऊक नसेल. चांगल्या वेळेवर स्वतः निघता आलं नाही तर आपलं एखादं वस्त्र, सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ असं गाठोड्यात बांधून जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. ते गेलं म्हणजे माणूस निघाल्यासारखाच. मग चार दिवसांनी सवडीनं निघा. आमचं घर त्यांच्या दक्षिणेला, म्हणून गाठोडं आमच्या देवळीत आलं. “पुढच्या सोमवारी नक्की,” तात्या म्हणाले. मी गाठोड्याला हात जोडले आणि मनात म्हटलं, बाबा, निदान तू तरी निघालास.

आणि मग तो गुरुवार.

दुपारची वेळ. मी ज्वारी निवडत बसले होते. तात्या आले ते हसत. खरंच सांगते, त्या माणसाला मी तसं हसताना पहिल्यांदा बघत होते.

“सूनबाई, चिंता मिटली! आज एक सुपारीचा व्यापारी भेटला, शिरसीकडचा. परवाच तिकडून निघालेला. मराठी फारसं येत नव्हतं, पण मी विचारलं, जोगला रस्ता कसा? तर म्हणाला, अल्ली मळे शुरू. दोनदा म्हणाला.”

“काय?”

“मळे सुरू! म्हणजे आपण समजतो तसं नुसतं रान नाही ते. मळे आले म्हणजे विहिरी आल्या, वस्ती आली, माणसं आली. गाडी मोडली तरी कुणी ना कुणी हाकेला येईल. मला त्या रानाचीच धास्ती होती हो!”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. आमच्या मंगळवेढ्याला ज्वारीच्या काढणीला खालच्या अंगाच्या कानडी बाया यायच्या. त्यांच्यात वावरून मला कामापुरतं कानडी यायचं.

“तात्या,” मी म्हणाले, “तो नेमकं काय म्हणाला? मळे शुरू आय्तु, असं?”

“हो, हो! असंच काहीतरी.”

“तात्या, त्यांच्यात मळे म्हणजे शेतं नव्हेत. मळे म्हणजे पाऊस.”

ते माझ्याकडं बघत राहिले. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त त्याच्यातला जीव गेला. मग एकदम खाली बसले, फरशीवर, बरोबर हुबळीवर. तात्याही मूळचे बायकोच्याच मुलखातले, नातेपुत्याकडचे, त्यांना कुठलं यायला कानडी? तिकडं मळा म्हणजे मळाच. बाहेर आमच्या सोलापूरचं ऊन भाजून काढत होतं, आभाळात ढगाचा तुकडा नाही, आणि तिकडं डोंगरात पाऊस लागलाही होता.

“सोमवार...” ते पुटपुटले. “सोमवारपर्यंत वाट राहील का?” मग आणखी हळू, “आणि आज गुरुवार. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, निघू नये.”

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या. “भावजी, दिशाशूल कुणाला? तुमचं प्रस्थान झालंय की. माणूस केव्हाच निघालाय, इथं नुसतं धूड बसलंय. उठा!” आणि माझ्याकडं वळून, “तूही जा. बाईमाणूस पाहिजे बरोबर, आणि तुला त्या लोकांचं बोलणं कळतं. तुझ्या नवऱ्याला मी सांगते.”

मी दोन लुगडी गुंडाळली. तात्यांनी देवळीतलं गाठोडं उचललं. घड्याळ घरीच राहिलं, ते आम्हांला होटगीला कळलं.

वाटेला मी तशी घाबरणारी नव्हे. मला भीती वाटत होती ती तात्यांची. गेले दोन-अडीच महिने हा माणूस एकेका फाट्याची चार-चार उत्तरं घेऊन बसला होता. आता मी विचारायची, “तात्या, पुढं कसं?” तर ते म्हणायचे, “बघू.” तात्यांच्या तोंडून ‘बघू’! गाडीत ते खिडकीशी बसून होते. मी दशमी पुढं केली तर हातात घेतली आणि तशीच धरून बसले. गदगला पुढची गाडी फलाटावर लागलेली होती. तात्या चौकशी न करता तिच्यात चढले. मीच धावत जाऊन एका हमालाला विचारलं, हीच ना हुबळीची? नशिबानं तीच होती.

हावेरीला उतरलो तर आभाळ खाली आलेलं. मोटारवाला शिरसीपर्यंत यायला तयार, पुढचं बोलेना. शिरसीला पाऊस. सिद्दापूरला त्याहून जास्त. तिथं सगळे एकच सांगायला लागले, पुढं मोरी खचली, मोटार जात नाही, परत फिरा. मी एकेकाचं कानडी तात्यांना समजावून सांगत होते आणि तात्या मान हलवत होते, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

“तात्या, परत फिरा म्हणतात.”

“बैलगाडीवाला बघा,” ते म्हणाले.

एक तयार झाला. दोन दिवसांच्या वाटेसारखी ती एक दिवसाची वाट. वर झाडांचं छत, खाली चिखल, गाडीचं चाक रुतलं की तात्या खाली उतरून खांदा लावायचे. ज्या माणसाला आमच्या पेठेत डबकं चुकवताना मी बघितलं होतं, तो गुडघाभर लाल चिखलात उभा. पायांना जळवा लागल्या होत्या. मी किंचाळले, त्यांना पत्ताच नव्हता. उतरत्या दुपारी कुठूनतरी घरघर ऐकायला यायला लागली. मला वाटलं डोंगर कोसळतोय. गाडीवान म्हणाला, जोग. तात्यांनी मला विचारलं, “काय म्हणतो?” मी म्हटलं, “आलो, तात्या.” त्यांनी डोळे मिटले आणि गाडीच्या कडेला घट्ट धरून राहिले.

वामनरावांचं बिऱ्हाड म्हणजे कौलारू दोन खोल्या, कड्यापासून थोड्या अंतरावर. कुसुम खाटेवर होती. झाडावर चढणारी आमची कुशी! तोंड सुजलेलं, पावलं फुगलेली, डोळे तेवढे ओळखीचे. तात्यांना बघून ती हसायला गेली आणि रडायला लागली. “किती उशीर केलात हो, तात्या.” एवढंच म्हणाली. तात्या तिच्या पायथ्याशी बसले आणि तिची पावलं मांडीवर घेतली. माझ्याच्यानं बघवेना, मी चुलीकडं गेले.

जवळच्या वाडीतली एक म्हातारी सुईण तिच्याकडं येत असे. सगळे तिला अज्जी म्हणायचे. वामनरावांनी तिला बोलावून घेतलं. उद्या सकाळी रस्त्याच्या कामावरची माणसं पावसापायी घरी निघणार होती, त्यांच्यात विजापूरकडचा एक मुकादम बायकोमुलांसह होता. त्या सोबतीनं कुसुमला न्यायची तर उद्याच, नंतर वाट राहणार नव्हती. अज्जीनं पोट चाचपलं, पाय दाबून बघितले, आणि बोलली. वामनरावांना कानडी येत होतं, पण ते सांगायला धजेनात. तेव्हा मी सांगितलं.

“तात्या, ती म्हणतीय, हिला त्या गाडीत घातलीत तर ही गाडीतच मोकळी होईल. मग आई आणि मूल, दोघांचं मी काही सांगत नाही.”

“आणि इथं राहिली तर?”

मी विचारलं. अज्जीनं तळहात वर केला आणि म्हणाली, इथं मी आहे.

बाहेर पाऊस, त्याच्या मागं ती अखंड घरघर. वामनराव चाचरत म्हणाले, “पण तात्या, पहिली खेप... माहेरी व्हायला पाहिजे. आमच्या आई काय म्हणतील? आणि इथं ना डॉक्टर, ना औषध. चार महिने बाहेर पडता यायचं नाही. मला तर काही सुचत नाही.”

तात्या कुसुमच्या पावलांवरून हात फिरवत होते. त्यांच्या तोंडाकडं बघून मला वाटलं, आता हा माणूस मोडला. एका बाजूला तो कुर्डुवाडीचा बाक, दुसऱ्या बाजूला हे रान. कुठलीही वाट धरली तरी ‘चुकली तर?’ आहेच. मग ते बोलले, आणि नेहमीसारखं हळू नाही, चांगलं सगळ्यांना ऐकू येईल असं.

“वामनराव, माहेर म्हणजे काय हो? माझ्या घरची शेणाची जमीन? हिची आई असती तर ती म्हणजे माहेर. ती नाही, तर मी. मी आलोय की इथं. माहेर आलंय. पोरगी जागची हलणार नाही.”

कुसुमनं त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. अज्जीला कुणी सांगायला नको होतं, ती उठून चुलीवर पाणी ठेवायला गेली.

“आणि तुमची नोकरी?” मी विचारलं. “वकीलसाहेब?”

“त्यांना सांगा, तात्याला वाट मिळाली नाही,” ते म्हणाले, आणि थोडंसं हसले.

मी दुसऱ्या दिवशी त्या मुकादमाच्या कुटुंबाबरोबर निघाले आणि सुखरूप सोलापूरला पोचले. त्यानंतर चार महिने आमचा जीव टांगणीला लागला होता. टपाल नाही, निरोप नाही. टपालवाला बोळात दिसला की सासूबाई हातातलं टाकून दारात जायच्या. आषाढ गेला, श्रावण गेला. मी तर रोज देवापुढं बसून एकाच गोष्टीसाठी भांडत होते.

दिवाळी झाल्यावर कुसुम आली. कडेवर मुलगी, गुटगुटीत, काळ्याभोर डोळ्यांची. आषाढात झाली होती. अडलीच होती, पण अज्जीनं सोडवली. मायलेकी दोघी खुशाल. मी पोरीला उचलून घेतलं, तिचे मुके घेतले आणि मग कुसुमच्या मागं बघितलं. मागं नुसते वामनराव होते.

तात्यांना भाद्रपदात ताप भरला. तिकडचा हिवताप वाईट. घरातलं कोयनेलचं औषध संपलेलं, नदीला पूर, रस्ता गेलेला. वामनरावांनी दोनदा माणूस पाठवला, दोनदा तो अर्ध्या वाटेतून परत आला. अख्ख्या पेठेला गावोगावच्या वाटा काढून देणाऱ्या माझ्या तात्यांसाठी कुणाला एक वाट काढता आली नाही! मला इतका संताप आला, कुणावर ते कळेना, आणि मग मी त्या पोरीला छातीशी धरून ओसरीवरच हमसून हमसून रडले. कुसुम म्हणाली, “वहिनी, शेवटपर्यंत मांडीवर हिलाच घेऊन बसायचे. ताप असला की आम्ही काढून घ्यायचो, तर रागवायचे.” तात्या रागवायचे! मला ते कधी बघायला मिळालं नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या निघायच्या सकाळी. पावसानं थोडी उघडीप दिली होती. मुकादमाची गाडी जुंपलेली, मी निरोप घ्यायला तात्यांना शोधत होते, तर ते घरात नाहीत. बाहेर येऊन बघते तो छपरावर! धोतराचा काचा मारलेला, डोक्यावर पोतं पांघरलेलं, कौलांवर पालथे पडून एकेक कौल उचलून सारखं करत होते. बाळंतिणीच्या खोलीत पाणी गळायला नको म्हणून. शिडीच्या दुसऱ्या पायरीवरही ज्याचे पाय लटपटायचे, तो माणूस.

“तात्या, येते हो मी!” मी ओरडले. पण त्या घरघरीत त्यांना ऐकू जाईना. त्यांच्या पाठीमागं, अगदी पाठीमागं, तो गिरसप्पा कड्यावरून खाली येत होता, नुसता पांढरा, लोक आयुष्यभर पैसे साठवून बघायला येतात तसा. मी बघतच राहिले. तात्यांनी मात्र तिकडं मानसुद्धा वळवली नाही. ते एका फटीला डोळा लावून खाली खाटेकडं बघत होते, आणि खालून कुसुम ओरडत होती, “आता नाही गळत हो, तात्या! खाली या!”

त्यांनी पुढचं कौल उचललं.